आजीच्या गोष्टीला कुलूप

“मॅडम, माही आजी उघडत नाही जी!”

सोमवारच्या मधल्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी धापा टाकत माझ्याकडे आली नि हे वाक्य बोलली. आजूबाजूची मुलं खो खो हसू लागली. मलाही हसू येत होतं, पण तिचा चेहरा पाहिला आणि हातातला डबा तसाच झाकून तिच्यामागे निघाले.

बालमित्रांनो, ही न उघडणारी आजी कोण, ते आधी सांगायला हवं.

आमचं गाव गिरड. वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. गावाजवळच्या टेकडीवर शेख ख्वाजा फरीदबाबांचा दर्गा आहे. हिंदू, मुसलमान सगळेच तिथं जातात. या टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. कुणी सुपारीसारखा, कुणी जायफळासारखा. त्यांची एक गोष्ट आहे. फिरत्या व्यापाऱ्यांनी म्हणे बाबांची टिंगल केली आणि त्यांच्या गोण्यांतला सगळा माल दगड झाला! शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या इंग्रजी गॅझेटियरमध्येही ही गोष्ट नोंदवलेली आहे. भूगोलाची पुस्तकं मात्र वेगळं सांगतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हारस पसरला, तो थंड होताना आत वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढं त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजं साचली. मी वर्गात दोन्ही सांगते. मुलांना कोणतं जास्त आवडतं, ते तुम्ही ओळखलंच असेल!

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी मुलांना अभ्यास दिला होता : घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून एक गोष्ट ऐकून लिहून आणा. या मुलीच्या आजीनं लिहू दिलं नाही. “लिवाचं कायले? मी सांगतो, तुमी आयका,” असा तिचा हट्ट. मग मीच त्यांच्या घरी गेले आणि माझ्या मोबाइलवर आजीची गोष्ट टिपून घेतली. अकरा मिनिटांची. ऐन रंगात आलेली गोष्ट थांबवून आजीनं मध्येच शेळीला हाड् हाड् केलं आहे, तेही त्यात आहे. ती ध्वनिफीत मी शाळेच्या संगणकावर ठेवली. पुढं माझ्या मोबाइलमधली जागा भरली, तेव्हा त्यातली पुसून टाकली. संगणकावर आहेच की, असा विचार केला.

उन्हाळ्यात आजी गेली.

शाळा उघडल्यावर ती मुलगी आठवड्यातून एकदा तरी संगणकापाशी बसायची आणि कान लावून अकरा मिनिटं ऐकायची. मी तिला कधी काही विचारलं नाही.

आता संगणकाविषयी. आमच्या शाळेला एका माजी विद्यार्थ्यानं आपला जुना संगणक दिला होता. त्यात लिनक्स आहे. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं १९९१ साली लिनक्सची सुरुवात केली. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता! पुढं जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. पैसे न देता ते वापरता येतं, म्हणून आमच्यासारख्यांना सोयीचं. संगणकाच्या या मूळ प्रणालीला अधूनमधून नवी आवृत्ती घालावी लागते, नाहीतर तिच्या सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होतं. आमच्या आवृत्तीची पाच वर्षांची मुदत २०२३ च्या मे महिन्यात संपली. मी टाळत टाळत जुलैतल्या एका रविवारी ते काम काढलं. नवी आवृत्ती घातली. मुलांचे नि माझे फोल्डर डिस्कच्या वेगळ्या भागात होते, त्यांना हात लावला नाही. सगळं छान झालं म्हणून स्वतःवरच खूश होऊन घरी गेले.

आणि सोमवारी ही आजी!

फाइलवर टिचकी मारली की पडद्यावर यायचं : ‘परमिशन डिनाइड’. म्हणजे परवानगी नाकारली. मुलांनी काढलेली चित्रं, सहलीचे फोटो, काहीच उघडेना. मी माझ्या खात्यात शिरून पाहिलं. तिथं माझाही गुणपत्रकांचा फोल्डर उघडेना. माझ्या पोटात गोळाच आला. मला वाटलं, डिस्कच बिघडली.

आणि मग मी एक चूक केली. “कुणी काय दाबलं? खरं सांगा!” असं मी सगळ्या वर्गावर ओरडले. कुणीच काही दाबलं नव्हतं. ती मुलगी खाली मान घालून उभी होती. जाताना तिनं मैत्रिणीच्या कानात सांगितलेलं मला ऐकू आलं, “मॅडमनंच कुलूप लावलं. मी रोज रोज आयकतो म्हणून.”

मंगळवारी तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी मी नागपूरच्या एका मैत्रिणीला फोन लावला. तिला संगणकातलं कळतं. ती म्हणाली, “सोपं आहे. सगळ्या डिस्कला सात-सात-सात दे, की सगळ्यांना सगळं उघडतं.” तिनं आज्ञा सांगितली, मी अक्षर अक्षर टाइप केली. शेवटचं बटण दाबायचं तेवढं उरलं, आणि लाइट गेली! आमच्याकडे पावसाळ्यात ढग दिसले तरी लाइट जाते. त्या दिवशी मला तिचा फार राग आला होता. आता येत नाही.

बुधवारी सकाळी प्रार्थनेच्या आधी एक मुलगा माझ्याभोवती घुटमळत होता. हा एरवी वर्गातला सगळ्यात वात्रट. “मॅडम, मारणार नाही ना?” मी म्हटलं, “मी कधी मारते?” मग तो हळूच बोलला, “तुमचा पेपर दिसून राहिला जी. घटक चाचणीचा. मुलांच्या खात्यातून.”

मी थक्क! जो फोल्डर मला उघडत नव्हता, तो मुलांना उघडत होता? धावत जाऊन मी माझ्या खात्यातून मुलांचा फोल्डर उघडून पाहिला. उघडला! चित्रं, फोटो, सगळं जागच्या जागी. आजीसुद्धा होती. हे मला दोन दिवस सुचलंच नव्हतं. मुलांच्या वस्तू मुलांच्याच खात्यातून उघडायच्या, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं.

म्हणजे डिस्क बिघडली नव्हती. किल्ल्यांची अदलाबदल झाली होती. पण कशी?

आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा उपक्रम आहे. त्यात लिनक्सचे छोटे छोटे धडे मराठी आवाजातही ऐकायला मिळतात. फाइलचा मालक, परवानग्या यांवरचा धडा मी त्या रात्री वही घेऊन ऐकला. तेव्हा उलगडा झाला, आणि तो तुम्हांला सांगायला मी आतुर झाले आहे, कारण तो तुमच्या हजेरीपटातच आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक असतो. पण फाइलवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो. नुसता नंबर! बहुतेक ठिकाणी पहिलं साधं खातं उघडलं की त्याला १००० नंबर मिळतो, दुसऱ्याला १००१. नंबर कुणाचा, याची यादी वेगळी ठेवलेली असते. आता समजा, तिसरीत तुमचा हजेरी नंबर दोन होता आणि तुम्ही वहीवर नाव न घालता फक्त ‘२’ लिहिलं. चौथीत नवा हजेरीपट झाला, दोन नंबर दुसऱ्याच कुणाला गेला. मग वही कुणाची?

माजी विद्यार्थ्यानं संगणक दिला, तेव्हा त्यानं आधी ‘मुले’ हे खातं उघडलं होतं, मग माझं. मुलांचा नंबर १०००, माझा १००१. रविवारी मी नव्या आवृत्तीत खाती उघडली ती उलट क्रमानं. आधी शिक्षक, मग मुलं. मला ते साहजिक वाटलं! त्यामुळं १००० मी झाले आणि मुलांच्या सगळ्या वस्तू संगणकाच्या लेखी माझ्या झाल्या. माझे पेपर मुलांचे झाले. संगणकाचं काहीच चुकलं नव्हतं. तो नव्या हजेरीपटाप्रमाणे वह्या वाटत होता.

एवढी कुलपं हवीत कशाला, असं तुम्ही विचाराल. ही पद्धत युनिक्स या जुन्या प्रणालीतून आली. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तिचं काम सुरू केलं. तेव्हा संगणक फार महाग. एकाच संगणकावर पुष्कळ माणसं काम करायची. एकाचं काम दुसऱ्यानं चुकून पुसू नये म्हणून प्रत्येक फाइलला मालक आणि परवानग्या आल्या. आमच्या शाळेतही एक संगणक आणि माणसं पुष्कळ, म्हणजे आम्ही अजून त्याच काळात आहोत म्हणा ना!

परवानग्या तीन. वाचणे, त्याचे अंक ४. लिहिणे, त्याचे २. चालवणे, त्याचा १. फोल्डरच्या बाबतीत चालवणे म्हणजे आत शिरणे. ज्याला तिन्ही आहेत त्याचे ४ + २ + १ म्हणजे ७. नुसतं वाचता आणि आत शिरता आलं तर ५. काहीच नाही तर ०. असे तीन आकडे ओळीनं लिहायचे : पहिला मालकाचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा बाकी सगळ्यांचा. आमच्या दोन्ही फोल्डरांना ७०० होतं. आता सांगा, सात-सात-सात म्हणजे काय? बरोबर! कुणीही यावं, वाचावं, लिहावं, पुसावं. माझे पेपर, मुलांचे गुण आणि आजीची गोष्ट, सगळं सताड उघडं पडलं असतं.

गुरुवारी मी आधी सगळ्याची एक नक्कल काढून ठेवली. मग चौथीच्या मुलांसमोरच दुरुस्तीला बसले. मालक बदलायची एक आज्ञा असते, तिचं नाव ‘सीएच-ओन’. मुलांचा फोल्डर १००१ ला दिला, माझा १००० ला. हे सोपं होतं. अडलं ते ‘एकत्र’ नावाच्या फोल्डरपाशी. त्यात माझ्या नि मुलांच्या फाइली मिसळलेल्या. आधी सगळ्या १००० च्या १००१ केल्या, तर मूळच्या १००१ कोणत्या हे कळणारच नाही! मी डोकं धरून बसले. तर तो वात्रट मुलगा म्हणतो, “मॅडम, एका गिलासात पाणी हाय, एकात ताक. बदलाचं तर तिसरा गिलास लागन ना जी!”

अगदी बरोबर. मी ५००० हा कुणाचाच नसलेला नंबर घेतला. १००० च्या फाइली आधी ५००० ला दिल्या, मग १००१ च्या १००० ला, आणि शेवटी ५००० च्या १००१ ला. झालं! त्या मुलाला टाळ्या मिळाल्या. चाचणीचा पेपर मात्र मला नवा काढावा लागला. त्यानं आपण पहिलाच प्रश्न वाचला असं शपथेवर सांगितलं आणि “तेवढा तरी राहू द्या” अशी विनंतीही केली. मी तो आधी काढला.

मग मी त्या मुलीला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की, कुलूप मीच लावलं होतं, पण मला ठाऊक नव्हतं. आणि मी विनाकारण ओरडले. ती काही बोलली नाही. खुर्चीवर बसली आणि आजी सुरू केली. शेळीला हाड् हाड् केलं तिथं सगळा वर्ग हसला. तीही.

एक काम अजून बाकी होतं. मुलांच्या खात्यात पहिली ते चौथीची सगळी मुलं शिरतात. उद्या एखाद्या पहिलीच्या पोरानं आजी पुसली तर? मी फाइलला ‘फक्त वाचा’ अशी परवानगी द्यायला निघाले. पण धड्यात पाहिलं, तर तेवढ्यानं भागत नाही. फाइल पुसता येते की नाही, हे फाइलवर नाही, तिच्या फोल्डरवर अवलंबून असतं. पानावर लिहू नका म्हटलं, तरी वही ज्याच्या हातात आहे तो पान फाडू शकतोच ना! म्हणून आजीला वेगळा फोल्डर हवा, आणि त्याला वेगळा मालक.

“मालक कोण करायचं?” मी तिला विचारलं.

तिनं बराच वेळ विचार केला. “आयकू द्या सगळ्याले,” ती म्हणाली. “पण मालक मी.”

तिच्यासाठी नवं खातं उघडलं. नंबर आला १००२. फोल्डरला ७५५ दिलं. एक नक्कल तिच्या आईच्या मोबाइलवर पाठवली. ही मी आधीच करायला हवी होती. हे सारं तुमच्यासाठी लिहू का, असंही तिला विचारलं. “लिवा, पण नाव नका लिवू,” म्हणाली. म्हणून इथं तिचं नाव नाही.

पासवर्ड टाकताना तिनं एका हातानं कळफलक झाकला नि दुसऱ्या हाताच्या एका बोटानं सावकाश एकेक अक्षर दाबलं. मी सहज विचारलं, “काय ठेवलास गं?”

“नाही जी,” ती म्हणाली.