बाणकोट खाडीकाठचं तेल

श्रीवर्धनकडून बागमांडल्याला उतरलं की समोर सावित्रीची खाडी दिसते आणि पलीकडे वेश्वी. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी इथे समुद्राला मिळते. आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरूनही पलीकडे जाता येतं, पण मुलांना फेरीबोट हवी असते आणि खरं सांगायचं तर आम्हालाही. गाड्या, मोटारसायकली, मासळीच्या टोपल्या, बुरख्यातल्या बायका, शाळेची पोरं असं सगळं एका फळीवर उभं राहून पलीकडे जातं. खाडीच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. मराठ्यांच्या काळात त्याला हिम्मतगड म्हणत, इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया केलं. गावकरी मात्र बाणकोटच म्हणतात.

मंडणगड तालुक्यातल्या या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची जुनी गावं आहेत. घरटी एक तरी माणूस आखातात. आमच्या फुफूचं घरही तसंच आहे. दोन मुलगे कुवेतला, एक सून मुंबईत आणि धाकट्या सुनेला सातवा महिना. आम्ही गेलो ते भाद्रपदात, कारण फुफू वर्षाचं तेल याच दिवसांत काढते. पावसाचा जोर कमी झालेला असतो, भात निसवलेलं असतं आणि बांधांवर माका हिरवागार असतो.

माका ओळखायला फुफूने मुलींना शिकवलं. पांढरं बारीक फूल हवं. पान चिरडलं की बोटं काळी पडली पाहिजेत. पिवळ्या फुलाचं दुसरं एक रोप आहे, त्यालाही लोक माकाच म्हणतात, पण फुफू ते घेत नाही. माका, ब्राह्मी, जास्वंद आणि आवळा हे केसांच्या तेलाचं सामान. ते खोबरेलात होतं. दुसरं तेल अंगाला लावायचं, बाळंतिणीच्या चाळीस दिवसांसाठी आणि म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांसाठी. ते तिळेलात होतं. त्यात निर्गुडीचा रस, लसूण आणि ओवा. यंदा हे तेल जास्त करायचं होतं, घरात बाळ येणार म्हणून.

फुफू शाळेत दुसरीपर्यंत गेली आहे. तिचं माप असं : एक शेर तेल, पाव शेर वाटण, चार शेर रस. आम्ही घरी परतल्यावर पुस्तकात पाहिलं, तर शार्ङ्गधरसंहितेत सर्वसाधारण प्रमाण हेच, वाटणाच्या चौपट तेल आणि तेलाच्या चौपट रस किंवा काढा. फुफूला ते तिच्या सासूने सांगितलं, सासूला तिच्या सासूने.

तेलाचं काम एका दिवसाचं नाही. पहिल्या दिवशी पाला धुऊन, पाट्यावर वाटून, रस पिळून तेलात घालायचा आणि मंद जाळावर ठेवायचा. करवंट्या आणि नारळाची चुडतं जाळायला असतात, पण चुडतं भसकन पेटतात म्हणून ती फक्त चूल शिलगावण्यापुरती. संध्याकाळी मगरिबच्या अजानला जाळ काढायचा, तेल तसंच झाकून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. भांडं कल्हईचं, नाहीतर लोखंडी कढई. पूर्वी कल्हईवाला पावसाळा संपला की गावात यायचा, आता येत नाही. त्यामुळे फुफूचं पितळी पातेलं पोटमाळ्यावर पडून आहे आणि तेल जाड बुडाच्या स्टीलच्या टोपात होतं. तिला ते आवडत नाही, पण कळकलेल्या पितळेपेक्षा बरं.

खरी परीक्षा शेवटच्या तासाभरात असते. रसातलं पाणी पुरतं गेलं नाही तर तेल महिन्याभरात खवट होतं, बुरशी धरतं. जास्त तापलं तर वाटण करपतं आणि तेल वाया. तेलावर फेस यायला लागला की सावध व्हायचं. (तुपाचं उलट, तिथे फेस बसला की झालं.) मग पळीवर थोडं वाटण घ्यायचं, दोन बोटांत वळायचं. त्याची वात वळली पाहिजे. ती वात निखाऱ्यावर टाकायची, तडतडली तर पाणी आहे, गुपचूप जळली तर उतरवायचं.

फुफूला मोतीबिंदू आहे. फेस तिला नीट दिसत नाही. ती टोपाजवळ कान नेऊन बसते. "आवाज बदलतो," म्हणते, "आधी बोलतं, मग पुटपुटतं, मग गप्प." या वेळी तिने सुनेला शेजारी बसवलं होतं. सून बीएस्सी झालेली, तिने मोबाइलवर वेळ लावली होती. फुफूने मोबाइल बाजूला ठेवायला लावला नाही, पण म्हणाली, "घड्याळ लाकडाला विचारत नाही, ओलं आहेस का सुकं." दोघींत थोडी तणतण झाली. शेवटी वात सुनेनेच वळली. पहिल्यांदा तडतडली. दुसऱ्यांदा नाही.

मलमलच्या फडक्यातून कोमट असतानाच तेल गाळलं, कोरड्या काचेच्या बाटल्यांत भरलं.

खोकल्यासाठी अडुळशाचा रसही केला. अडुळशाच्या पानाला रस फार कमी, म्हणून पानं तव्यावर वाफवून मग पिळायची. त्यात मध आणि सुंठ. सुनेलाही खोकला होता, पण फुफूने तिला चमचाभरही दिला नाही. "पोटुशी बाईला अडुळसा नाही." अडुळशाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं हे डॉक्टरही सांगतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, तान्ह्याच्या नाकाकानांत तेल सोडायचं नाही, हेही ठरलेलं. ताप तीन दिवस राहिला किंवा डोळे पिवळे दिसले की फुफू स्वतः रिक्षा बोलावते, सरकारी दवाखान्यात पाठवते. घरच्या औषधाचा अभिमान बाळगणाऱ्या अनेकांना आपलं औषध कुठे थांबतं हे माहीत नसतं, तिला आहे. म्हणूनच आमचा तिच्या तेलावर भरवसा.

हे औषध आपलं की त्यांचं, असा प्रश्न कधी कधी निघतो. मशीद बंदरच्या काष्ठौषधींच्या दुकानात मागाल तर युनानी इत्रिफल मिळेल. तो शब्दच मुळी त्रिफळ्यावरून आला आहे. 850च्या सुमारास तबरी यांनी अरबीत लिहिलेल्या 'फिरदौसुल हिकमत'मध्ये हिंदी वैद्यकासाठी वेगळा भाग आहे. सुंठ-आल्याचं नाव, जंजबील, सूरे दहरमध्ये आहे. फुफूच्या माहितीत यातलं काही नाही. तिला एवढंच ठाऊक की बिस्मिल्ला म्हणून पाला खुडावा आणि झाड ओरबाडू नये.

काळजी वेगळीच आहे. निर्गुडी गावामागच्या टेकडीच्या गडग्यालगत वाढायची. ती टेकडी गेल्या वर्षी विकली गेली, प्लॉट पडले, तारेचं कुंपण आलं. राखणदार ओळखीचा, म्हणून यंदा दोन भारे मिळाले. पुढच्या वर्षी तो असेल की नाही, सांगता येत नाही. निघायच्या आदल्या दिवशी असरनंतर फुफूने उरलेल्या भाऱ्यातल्या चार जाड फांद्या निवडल्या आणि वाडीत विहिरीच्या पाटाकडेला सुनेकडून रोवून घेतल्या. निर्गुडी फांदीने लागते, फक्त पाऊस आणखी थोडे दिवस हवा.

गेल्या जुम्म्याला सुनेचा फोन आला. दोन फांद्यांना फूट आली आहे, एक सुकली, चौथीचं अजून कळत नाही.