यातला ‘मी’ कोण?

आम्ही इंग्रजीचे शिक्षक. नाना पेठेतल्या घरापासून सायकलने शाळा गाठायची आणि परक्या भाषेचे व्याकरण मराठी मुलांच्या गळी उतरवायचे, हा क्रम आम्ही एकतीस वर्षे चालवला. त्या काळात मुलांना सर्वांत अधिक कशाने छळले असेल, तर ते ‘डायरेक्ट-इनडायरेक्ट’ने. प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथन करा, असा प्रश्न आला की भली भली मुले पेन्सिल चावू लागत.

नियम तसे थोडेच आहेत. राम म्हणाला, ‘मी उद्या येईन.’ इंग्रजीत या वाक्याची अवतरणचिन्हे काढली की रामाचा ‘मी’ नाहीसा होतो आणि तिथे ‘तो’ येऊन बसतो. क्रियापद एक पायरी भूतकाळात उतरते. ‘उद्या’चा ‘दुसरा दिवस’ होतो, ‘इथे’चे ‘तिथे’ होते. प्रश्न असेल तर त्याचा प्रश्नपणा जातो, आज्ञा असेल तर तिचा कडकपणा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, अशी त्रिकालाबाधित सत्ये तेवढी जागची हलत नाहीत. मुलांना नेमका हाच अपवाद पाठ असे, कारण त्यात काही करावे लागत नाही! हे सारे आम्ही शिकलो ते रेन आणि मार्टिन यांच्या जाडजूड पुस्तकातून. यांतले रेन हे हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेले गृहस्थ. फ्रेंच परदेशी पलटणीवरची ‘बो जेस्ट’ ही 1924 सालची गाजलेली कादंबरी त्यांचीच, हे कळल्यावर त्या रुक्ष पुस्तकाकडे आम्ही जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

परंतु मुले चुकत ती आळसामुळे नव्हे, मातृभाषेमुळे. मराठीत आपण सहज म्हणतो, ‘राम म्हणाला की मी उद्या येईन.’ मध्ये एक इवलासा ‘की’ घातला, काम झाले. रामाचा ‘मी’ रामाच्याच तोंडी राहतो, त्याचा ‘उद्या’ही त्याचाच. मुले याचेच शब्दशः इंग्रजी करीत आणि आम्ही तांबड्या शाईने ‘आय’वर फुली मारीत असू. एकदा एका मुलाने विचारले, “सर, ‘मी’ म्हणजे रामच आहे ना? मग त्याला ‘तो’ कशाला करायचे?” आम्ही म्हणालो, “इंग्रजीत तसेच असते.” उत्तर ठाऊक नसलेल्या सगळ्या शिक्षकांचे हे उत्तर आहे.

वस्तुतः त्या मुलाचे म्हणणे आम्हांला आमच्याच बालपणातून ठाऊक असायला हवे होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील आमच्या गावी वडील आणि थोरले चुलते यांच्यात शेताच्या बांधावरून अबोला होता. घरे समोरासमोर, पण बोलणे सगळे आमच्यामार्फत. आम्ही अंगण ओलांडून जायचो आणि छाती काढून सांगायचो, “दादा म्हणतात, मी पाणी सोडणार नाही!” चुलते आमच्याकडे असे काही पाहत की जणू पाणी आम्हीच अडवले आहे. मग तितक्याच आवेशात उत्तर मिळे आणि तो दुसरा ‘मी’ तोंडात घेऊन आम्ही परत अंगण ओलांडायचो. निरोप्याला स्वतःचा ‘मी’ नसतोच. फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली मराठी मासिक काढले, तेव्हा त्याला ‘निरोप्या’ हेच नाव का सुचले असेल, याचा विचार करताना आम्हांला ते अंगण आठवते.

ज्या अवतरणचिन्हांवर इंग्रजीचा हा सारा डोलारा उभा आहे, ती मराठीत रुळली एकोणिसाव्या शतकात. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचे प्रमुख राहिलेले मेजर थॉमस कँडी यांनी 1850 साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली. त्यापूर्वी पोथ्या-बखरींत बोलणे कुठे संपते आणि लिहिणारा कुठे सुरू होतो, हे वाचणाऱ्याने कानाने ओळखायचे. शुभवर्तमानांच्या मूळ ग्रीकमध्येही ही चिन्हे नव्हती. एका फादरांनी आम्हांला दाखवले की त्या ग्रीकमध्ये आपल्या ‘की’सारखाच ‘होती’ असा एक शब्द आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात पेत्र शपथ घेऊन प्रभूला नाकारतो, तिथे हा शब्द येतो आणि त्यापुढे पेत्राचे शब्द प्रथमपुरुषी जसेच्या तसे उभे राहतात. तो नकार मत्तयाने आपल्या तोंडी घेतलेला नाही. तो पेत्राच्याच तोंडी ठेवला आहे.

हे आम्ही इतक्या विस्ताराने सांगत आहो, त्याला कारण आहे.

आम्ही ज्या शाळेत होतो, तिथे एका वर्षी परीक्षा-शुल्काची रक्कम जागेवर सापडेना. चौकशी नेमली गेली. चौकशी करणाऱ्या गृहस्थांना मराठी येत नव्हते, म्हणून सगळे जबाब इंग्रजीत करून देण्याचे काम आमच्याकडे आले. त्यांत शिपाईमामांचा जबाब होता. मामा आमच्याच धर्मग्रामातले, रविवारी मिस्सेला तिसऱ्या बाकावर ठरलेले. त्यांनी लिहिले होते, ‘बाई म्हणाल्या की पैसे मी कपाटात ठेवले.’ बाई म्हणजे कार्यालयातल्या कारकून बाई. त्या आईच्या आजारपणामुळे गावी गेल्या होत्या.

रात्री उशिरा, कागदांच्या गठ्ठ्यात, आम्ही त्या वाक्याचे इंग्रजी केले. क्रियापद बिनचूक एक पायरी मागे नेले. आणि ‘मी’चा ‘आय’ तसाच ठेवला! ज्या चुकीवर जन्मभर तांबडी फुली मारली, तीच. मराठीत क्रियापदाने पुष्कळदा आपल्याला सावध केले असते. बाईंचे बोलणे असते तर ‘ठेवते’ आणि मामांचे असते तर ‘ठेवतो’. पण ‘ठेवले’ हे क्रियापद पैशांच्या मागे जाते. ठेवणारा पुरुष की स्त्री, ते सांगत नाही. त्या वाक्यातला ‘मी’ बाईही होऊ शकत होता आणि मामाही. आम्ही विचारायला हवे होते. मामा दोन खोल्या पलीकडे स्टुलावर बसलेले असत.

इंग्रजी कागदावरून अर्थ असा निघाला की पैसे शेवटी हाताळले ते मामांनी. त्यांना बिनपगारी घरी बसवण्यात आले. “मामांनी म्हणे कबूलच केले,” अशी कुजबुज सुरू झाली. हा ‘म्हणे’ही मराठीच. बोलणारा कोण, हे त्यात कधीच सापडत नाही. मामा चर्चमध्ये शेवटच्या बाकावर दिसू लागले आणि मग दिसेनासे झाले.

सात आठवड्यांनी बाई परतल्या. त्यांनी ऐकले मात्र, आणि म्हणाल्या, “अहो, पैसे मीच ठेवले होते, खालच्या कप्प्यात.” जुन्या रजिस्टरांखाली पाकीट तसेच होते. कुणीच काही चोरले नव्हते. मूळ जबाब आम्ही पुन्हा काढून वाचला, तेव्हा आमची चूक आम्हांला दिसली. ती मुख्याध्यापकांना लेखी कळवायला आम्हांला एक पूर्ण दिवस लागला, हेही इथे लपवीत नाही.

मामांना थकलेला पगार मिळाला. मात्र त्यांच्या मुलीची जुळत आलेली सोयरीक मधल्या काळात मोडली होती. आम्ही रामवाडीला त्यांच्या घरी गेलो. मामींनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि त्या आत निघून गेल्या. आम्ही सगळे सांगितले. पुरुष, काळ, क्रियापद, सारे. मामांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, “सर, मी तर सरळ लिहिलं होतं.”

बराच वेळ कुणी बोलले नाही. निघताना ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, “पोरांना शिकवताना माझं वाक्य सांगत जा. नाव नका घेऊ.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी तो धडा आला की आम्ही आधी मराठीतून फळ्यावर लिहीत असू, ‘बाई म्हणाल्या की पैसे मी कपाटात ठेवले.’ आणि खडू खाली ठेवून थांबत असू. वर्ग वाक्य उतरवून घेई. थोड्या वेळाने कुठल्या तरी बाकावरून हात वर येई.

“सर, यातला ‘मी’ कोण?”