झिजेची किंमत

जुन्या बाजारातला विक्रेता चिनी मातीची बशी हातात देताना आधी ती पालथी करून दाखवतो. तळावर कारखान्याचा शिक्का असतो, देशाचं नाव असतं आणि भाव त्यावर ठरतो. शिक्का मीही वाचते. पण त्याआधी बशी सरळ धरते आणि उजेडाकडे तिरपी करते. समोरून चकचकीत वाटणाऱ्या झिलईवर तिरप्या उजेडात बारीक ओरखड्यांचं जाळं उमटतं. मधोमध, कप टेकायच्या जागी, एक पुसट वर्तुळ दिसतं. तेवढं दिसलं की मी भाव विचारते.

मला वापरलेली वस्तू हवी असते, आणि वापराच्या खुणा दिसतील अशी हवी असते. बाजार या खुणांना खोट मानतो. सोनेरी कड गेली की भाव निम्म्यावर येतो, कपाची बशी हरवली की आणखी खाली. ज्यांच्यापाशी पैसा आहे ते अखंड, न वापरलेला सेट घेतात. माझं ठरलेलं महिन्याचं बजेट लहान आहे, म्हणून सुरुवातीला मी सुट्या, झिजलेल्या नगांकडे वळले. आज पैसे हातात असले तरी मी त्याच वस्तू उचलते. कोरी वस्तू कारखान्यात काय घडलं एवढंच सांगते. त्यानंतर घरात काय घडलं, हे झिजलेल्या वस्तूवरच वाचता येतं.

कपाचंच पाहा. सोनेरी कड सगळीकडून सारखी कधीच झिजत नाही. उजव्या हाताने कान धरला की ओठ कडेच्या एका ठराविक भागालाच लागतात आणि सोनं तिथलंच जातं. पुढचा कप उचलाल तेव्हा कान उजवीकडे ठेवून आपल्याकडची कड बघा. क्वचित एखादा कप नेमक्या विरुद्ध बाजूला झिजलेला मिळतो. त्या घरात तो कप एकाच माणसाचा होता आणि तो माणूस डावखुरा होता, असं मी धरून चालते. बशांचंही तसंच. पृष्ठभागावर गोलाकार चरे असतील तर त्या एकीवर एक रचून ठेवल्या जात होत्या. वरच्या बशीच्या तळाची बिनझिलईची खरबरीत कड खालचीला घासते. मोठ्या थाळीच्या मध्यात आडवेउभे सरळ काप दिसले, तर ती सुरीकाट्याने जेवणाऱ्या टेबलावर होती. हाताने जेवणाऱ्या घरात असे काप पडत नाहीत.

शिक्क्यांचं ज्ञान फुकट मिळतं आणि कमी पैशात संग्रह करणाऱ्याने ते घ्यावंच. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे 1891पासून तिथे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं. त्यामुळे तळावर ‘इंग्लंड’ असेल तर वस्तू बहुधा त्यानंतरची. ‘मेड इन इंग्लंड’ असा पूर्ण मजकूर सर्वसाधारणपणे विसाव्या शतकातला. जपानी भांड्यांवर 1921पर्यंत ‘निप्पॉन’ लिहिलेलं असे, पुढे ‘जपान’ आलं. ‘ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का महायुद्धानंतरच्या, 1952पर्यंतच्या अमेरिकी ताब्याच्या काळातला. बोन चायनाच्या मिश्रणात जवळपास निम्मी जनावरांच्या हाडांची राख असते. म्हणून टॉर्च मागे धरली की बोटाची सावली आरपार दिसते. नक्षी छापील असेल तर काठाच्या पट्टीत कुठेतरी सांधा सापडतो, कारण छापलेला कागद गुंडाळताना त्याची दोन टोकं क्वचितच नेमकी जुळतात. हाताने रंगवलेल्या नक्षीत कुंचल्याचा जाड-बारीक ओघ दिसतो.

शेवटी कप बोटावर टांगून नखाने हलकेच वाजवावा. अखंड कप खणखणतो, भेग गेलेला बद्द वाजतो. ही भेग डोळ्यांना दिसत नाही, पण गरम चहा ओतल्यावर ती वाढते. झीज आणि तडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिजलेला कप मी आनंदाने घेते. तडकलेला घेतला तर तो मांडणीवर राहतो, वापरात नाही.

पितळ आणि तांब्याच्या भांड्यांनी मला याहून जास्त शिकवलं. पुण्यात कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. तिथे जमिनीवर अंथरलेल्या पोत्यांवर अडकित्ते, समया, पानाचे डबे, घंगाळी, पुरणयंत्रं आणि फिरकीचे तांबे शेजारीशेजारी पडलेले असतात. अडकित्ता उघडमीट करून बघावा. खिळीपाशी तो किंचित सैल लागतो आणि पात्याच्या धारेला मध्यावर खोलगट बाक आलेला असतो, कारण सुपारी रोज त्याच जागी धरली जायची. विळीचं पातं धार लावून लावून अरुंद झालेलं असतं. सागवानी पोळपाट मध्ये बसका होतो. लोणच्याच्या बरणीच्या काठावर पळी टेकून उडालेले बारीक टवके असतात, आणि जिथे दादऱ्याची दोरी आवळली जायची तिथे गळ्याची झिलई निस्तेज झालेली असते. अशा बरण्या बघताना मला परशुराम गणपुले आठवतात. या मराठी माणसाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सौराष्ट्रात परशुराम पॉटरी उभी केली आणि तिकडच्या चिनी मातीच्या उद्योगाचा पाया घातला.

तांबट आळीतल्या मठारकामाच्या भांड्यांवर हातोडीचे ठसे ओळीने असतात. ते शोभेसाठी असतात असं पुष्कळांना वाटतं. मुळात ठोकल्याने तांबं टणक होतं आणि पातळ पत्र्याचं भांडं पोचत नाही. भांडं नवं असताना या ठशांच्या कडा बोटाला लागतात. चिंच-राखेने वर्षानुवर्षं घासलेल्या बंबावर त्या इतक्या मऊ होतात की डोळे मिटून हात फिरवला तरी भांडं किती जुनं याचा अंदाज येतो.

सगळ्यात सुंदर झीज देव्हाऱ्यातल्या टाकांवर असते. खंडोबाचा किंवा देवीचा टाक रोज ताम्हनात न्हातो, रोज पुसला जातो. आधी नाक जातं, मग डोळे, मग घोड्याची आयाळ, आणि शेवटी आकृतीचा नुसता उंचवटा उरतो. त्या घराला देव ओळखायला तेवढा पुरत असणार.

हीच झीज खरं-खोटंही सांगते. पैसे मोजकेच असतील तर नकली वस्तू घेणं परवडत नाही. मुंबईच्या चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर आणि इतरत्रही, झगमगीत पितळी कर्ण्याचे ‘जुने’ ग्रामोफोन दिसतात. त्यांत बरेचसे जुनेनवे भाग जोडून हल्ली उभे केलेले असतात. आम्लाने काळवंडवलेलं नवं पितळही भरपूर असतं. खरी झीज हात लागतो तिथेच होते. उंचवटे उजळतात, खाचांत मळ साचतो, कडीच्या आतल्या बाजूला चर पडतो. बनवलेली झीज सगळीकडे सारखी असते, जिथे कुणाचा हात पोचणारच नाही तिथेही. म्हणून वस्तू हातात आली की ती वापरायला घ्यावी तशी धरून बघते. माझी बोटं जिथे पडतात तिथे ती गुळगुळीत आहे का? नसेल तर परत ठेवते. पिशवीत एक भिंग, एक टॉर्च आणि एक लोहचुंबक असतो. पितळेचा मुलामा दिलेल्या लोखंडाला चुंबक चिकटतो, पितळेला नाही. एवढ्या तिन्ही वस्तूंची किंमत एका बऱ्या कपबशीहून जास्त नसते.

वस्तू घरी आणल्यावर मी ती वापरते, पण जपून. जुन्या झिलईत आणि वरून चढवलेल्या रंगांत शिसं असू शकतं. त्यामुळे बारीक भेगांचं जाळं पडलेल्या भांड्यात आंबट किंवा गरम काही ठेवत नाही. तिथे फुलं असतात, किल्ल्या असतात. पितळी पातेल्याला कल्हई केल्याशिवाय त्यात आमटी शिजवत नाही. घासायचं ते साफ होण्यापुरतं. बाजारातून आणलेल्या वस्तूला आरशासारखी लकाकी आणली की तिच्यावरचं वाचण्यासारखं सगळं पुसलं जातं.

परदेशी राहणारे नातेवाईक ‘काहीतरी जुनं घेऊन ठेव, नेतो’ म्हणतात तेव्हा मी कायद्याची आठवण करून देते. 1972च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं आणि त्याहून जुन्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. जुन्या मूर्तींच्या वाटेला मी जातच नाही. त्या कुठून आल्या हे विकणाऱ्याला नीट सांगता येत नसेल, तर त्या कुठल्यातरी गावच्या देवळातल्या असू शकतात.

घरगुती वस्तूंना संग्रहालयाचा मान असू शकतो, हे मराठी माणसाला दिनकर केळकरांनी दाखवून दिलं. पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी उभं केलेलं राजा केळकर संग्रहालय आहे. तिथे सुमारे वीस हजार वस्तू आहेत. त्यांत अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या आणि दौती आहेत. वज्रीची नक्षी जिथे पुसट झालेली असते तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबते.

पण एक गोष्ट झीज सांगू शकत नाही. वस्तू किती वापरली, कशी वापरली, कोणत्या हाताने वापरली, हे ती सांगते. कुणी वापरली, ते नाही. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती. टिंबाटिंबांनी ठोकलेल्या अक्षरांत नाव, तारीख आणि कधी ‘मुंजीचा आहेर’ एवढंच असायचं. मोडवाल्याकडे ही भांडी वजनाने विकली जातात आणि वितळवायला जातात. मोडीच्या भावाहून थोडं जास्त दिलं की तो खुशीने बाजूला काढून देतो. अशा भांड्यावर झीज आणि नाव दोन्ही एकत्र मिळतात. म्हणून माझ्या संग्रहातली ती सगळ्यात मोलाची आहेत, आणि ती सगळ्यात स्वस्तातही मिळालेली आहेत.

घर आवरताना जुनी भांडी काढायची असतील तर जरूर काढा. जागा लहान आहेत, सगळं ठेवता येत नाही. विकण्याआधी फक्त एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहा. हे कुणाचं होतं, कुठल्या गावी होतं, त्यात काय व्हायचं. चिठ्ठी भांड्यात घाला आणि मोडवाल्याला, बोहारणीला किंवा जुन्या बाजारातल्या माणसाला भांडं द्या. तुम्हाला त्याचे पैसे जास्त मिळणार नाहीत. पण ज्याच्या हातात ते पुढे जाईल त्याला त्या झिजलेल्या कडेमागचं माणूस कळेल, आणि नाव कळलेली वस्तू मोडीत टाकणं त्याला सोपं जाणार नाही.