पेढीवरचा चहा

चहाला वेळ नसते, पण वेळेला चहा लागतो, असे गमतीने म्हटले जाते. लातूर-नांदेड रस्त्यावरील चाकूरच्या बाजारपेठेत या म्हणण्याचा प्रत्यय दिवसभर येत असतो. सकाळी दुकान उघडते, गादी झटकली जाते, तसबिरीपुढे उदबत्ती लागते आणि पाठोपाठ चहा सांगितला जातो. माल आला की चहा, सौदा जमला की चहा आणि सौदा फिसकटला तरी मन राखण्यासाठी पुन्हा चहा.

इतका घरचा झालेला हा पाहुणा तसा फार जुना नाही. आसामचा चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला तो १८३९ साली. पुढेही कित्येक दशके तो मळ्यांतून थेट परदेशी जात असे. विसाव्या शतकात मळेवाल्यांनी देशातच गिऱ्हाईक मिळवण्यासाठी मोहीम उघडली आणि बाजारांत, रेल्वे स्टेशनांवर चहा करून पाजला. १९३० च्या सुमारास पान चिरडून, फाडून त्याची गोळी वळणारे सीटीसी यंत्र आसामात आले. या दाणेदार पत्तीला थोडक्यात गडद रंग येतो आणि दूध-साखरेतही तिची चव टिकते. गरिबाच्या चुलीपर्यंत चहा पोहोचला तो या स्वस्त पत्तीमुळे.

मराठवाड्याला आणखी एक वाट होती, ती हैदराबादची. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि व्यापाराचा ओढाही तिकडेच होता. तेथील इराणी हॉटेलांत पत्तीचा काढा वेगळा मुरतो, दूध वेगळे आटते आणि दोन्हींची भेट थेट कपात होते. खरेदीसाठी जाणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यांच्या जिभेवर ती चव घर करून राहिली.

चाकूरच्या एका आडत व्यापाऱ्याच्या घरात चहाचे निदान चार पंथ नांदतात. आजीचा पहिला चहा नवकारशीनंतर, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटांनी. तिच्या चहात आले पडत नाही, कारण ते कंदमूळ. त्याची उणीव गवती चहाची पात, वेलदोडा आणि थंडीत चिमूटभर सुंठ भरून काढतात. काकांना गुळाचा चहा प्रिय. गुळाने दूध फाटते, म्हणून घरातील बायका पत्ती आणि गूळ पाण्यात उकळून घेतात आणि भांडे उतरवल्यावरच त्यात गरम दूध मिसळतात. पुण्याहून आलेल्या सुनेला अमृततुल्यचा दाट, वेलची-जायफळाचा चहा हवा असतो. मुलाने वजनाच्या काळजीने हिरवा चहा धरला आहे; त्याकडे आजी अजूनही औषध म्हणूनच पाहते. एका गोष्टीवर मात्र सुनेने घरात सर्वांचे एकमत घडवून आणले आहे. जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही. चहातील तुरट द्रव्ये अन्नातील लोह शरीरात शोषू देत नाहीत आणि शाकाहारी ताटातील लोहावर त्याचा परिणाम अधिक होतो. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर राखले जाते.

पिण्याच्या रीतीही निरनिराळ्या. काका चहा बशीत ओतून, दोन्ही हातांनी बशी धरून पितात. बशीत चहा पसरतो आणि लवकर निवतो. खेड्याहून एसटीने आलेल्या माणसाला परतीची गाडी गाठायची असते; त्याच्या घाईतून ही रीत रूढ झाली असावी. काकांना कसलीही घाई नसते, तरी बशी सुटत नाही.

घरातल्या चहात आवडीनिवडी चालतात. पेढीवरच्या चहाचे नियम निराळे. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनचे कट्टे उतरू लागले की शेतकरी आणि आडत्या समोरासमोर बसतात. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव तुटतो, आवाज चढतात. काकांचा दंडक असा, की चहा आधी आणि भाव नंतर. शेतकऱ्याने माल दुसऱ्या पेढीवर नेला तरी पाजलेल्या चहाचा उल्लेख करायचा नाही. चहा पाजून भाव पाडणे हे त्यांना खोट्या मापाइतकेच कमीपणाचे वाटते.

या नियमात एक मोठी फट होती आणि ती वर्षानुवर्षे कोणाच्या डोळ्यांत खुपली नव्हती. पेढीवर शेतकऱ्याला, मुनिमाला कपबशी मिळे. कट्टे वाहणाऱ्या एका वृद्ध हमालाचा कान तुटलेला कप मात्र बाहेर खिडकीत पालथा असे आणि तो त्याचा त्यानेच धुवायचा. अस्पृश्यता संविधानाच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच संपली होती. खिडकीतल्या त्या कपाला त्याची खबर नव्हती. प्राणिमात्रांवर दया करावी, पाणीसुद्धा गाळून प्यावे, असे मानणाऱ्या घराच्या पेढीवर हे चालत होते.

सुनेने एके दिवशी काही न बोलता खिडकीतला कप उचलून टाकला आणि त्या हमालाला इतरांसारख्याच कपबशीत चहा पाठवला. काका गप्प राहिले. त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ होकार, हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण तो हमाल चहा झाला की उठे आणि नळावर जाऊन कपबशी स्वतः धुऊन आणी. कोणी सांगूनही त्याने ते सोडले नाही. कप बदलायला एक सकाळ पुरली. त्याच्या हाताची सवय कितीतरी महिने गेली नाही.

पुढे २०१६ चा दुष्काळ आला. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली. पहिल्या खेपेच्या दहा टाक्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. चाकूरच्या बाजारातही चहा अर्ध्या कपावर आला. चहाला लागणाऱ्या पाण्यापेक्षा कप विसळायला लागणारे पाणी अधिक, हे त्या उन्हाळ्यात नव्याने कळले. पेढीवर कागदी कप आले. सर्वांना सारखेच कप आणि धुण्याचा प्रश्नच नाही.

पाऊस झाला, पाणी आले, तरी कागदी कप राहिले. काकांना ते रुचेनात. गरम चहाने कपाच्या आतला प्लॅस्टिकचा पातळ थर सुटतो, हे मुलाने वाचून दाखवले तेव्हा त्यांना निमित्तच मिळाले. पण खरे कारण त्यांनी सुनेजवळ सांगितले. कागदी कप कोणाचा उष्टा होत नाही, म्हणून तेथे कोणी कोणाला जवळ केले असेही होत नाही. ज्याचा उष्टा कप आपण धुतो, तोच खरा आपला पाहुणा.

कपबशा परत आल्या. सायंकाळी काट्यावरचे काम संपते, पट्ट्या लिहून होतात. चौविहार असल्यामुळे काकांचा शेवटचा चहा सूर्य मावळण्याआधी व्हावा लागतो. त्या वेळी गादीच्या कडेला तो वृद्ध हमालही टेकलेला असतो आणि दोघेही बशीतूनच चहा पितात. पावसाचा अंदाज, तुरीचा भाव, कोणाच्या मुलीचे ठरले, इतकेच बोलणे होते. चहा संपला की दुकानातला पोऱ्या येतो आणि सगळ्या कपबशा एकाच ताटात घेऊन नळाकडे जातो. तो हमाल आता उठत नाही.