रुपेरी भूत आणि शेतावरची गाडी

ज्याला पाहून लोकांनी वाट सोडून पळावे असे हे भूत नव्हते. उलट त्याला पाहावयास लोक वाटेवर जमत. इंग्लंडमधील रोल्स-रॉइस कंपनीने १९०७ साली आपली एक मोटार रुपेरी रंगाने रंगविली, तिच्या दिव्यांना व मुठींना चांदीचा मुलामा दिला आणि तिचे नाव ठेविले ‘सिल्व्हर घोस्ट’, म्हणजे रुपेरी भूत. तिचे सहा सिलिंडरांचे इंजिन इतक्या हलक्या आवाजात चाले, की गाडी जवळ आल्याची चाहूलही लागू नये! त्याच वर्षी लंडन आणि ग्लासगो या शहरांच्या दरम्यान तिला पुनःपुन्हा पळवून तिची परीक्षा घेण्यात आली. सुमारे १५,००० मैल धावूनही तिच्या भागांची झीज फारच थोडी झाली होती. कंपनी विकत असे ते केवळ चौकट, चाके व इंजिन. वरचा डौलदार साज श्रीमंत गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घेई.

दुसऱ्या गाडीचा जन्म टंचाईत झाला. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा इंग्लंडमध्ये पोलाद मोजून मिळत होते आणि ज्यांचा माल परदेशी खपे, त्यांना ते आधी मिळे. सुखासनी मोटारी बनविणाऱ्या रोव्हर कंपनीपुढे कारखाना चालावा कसा, हाच प्रश्न होता. तिचे मुख्य अभियंते मॉरिस विल्क्स यांची वेल्समधील अँगलसी बेटावर शेती होती. तेथे ते युद्धातून उरलेली एक अमेरिकन जीप वापरीत. अशीच गाडी आपण शेतकऱ्यांसाठी का करू नये, असे त्यांच्या व त्यांचे बंधू स्पेन्सर यांच्या मनात आले. पोलाद नाही, तर ॲल्युमिनियमचे मिश्र पत्रे घेतले. साचे महाग, म्हणून पत्रे शक्यतो सरळच ठेविले. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळे. शिवाय त्याच इंजिनावर शेतातली यंत्रेही चालविता येत. एप्रिल १९४८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ही ‘लँड रोव्हर’ लोकांपुढे आली. अडचणीपुरती काढलेली ही गाडी लवकरच कंपनीचा मुख्य आधार बनली. तिच्या वंशातील जुन्या घडणीची शेवटची गाडी कारखान्याबाहेर पडली ती २०१६ साली!

एक राजरस्त्याची आणि दुसरी चिखलाची, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य नव्हे. पहिल्या महायुद्धात याच रुपेरी भुताच्या चौकटीवर पोलादी चिलखत चढविण्यात आले आणि अरबस्तानच्या वाळवंटात लॉरेन्स या इंग्रज अधिकाऱ्याने तशा गाड्या वापरल्या. मऊपणा होता तो गादीत, आसात नव्हे.

रोव्हर कंपनीने १९७० साली ‘रेंज रोव्हर’ काढली. ती धावे ऐटीने, पण आतून पाण्याने धुता येई. पुढे तिच्यातही मऊ कातडे आणि गुळगुळीत लाकूड आले. आणि २०१८ साली खुद्द रोल्स-रॉइसने चारही चाकांच्या बळावर वाळूचिखलातून जाणारी ‘कलिनन’ बाजारात आणली. अँगलसीच्या शेतात तिला कोणी नांगराला जुंपील, असे मात्र वाटत नाही.