पालघरला बिऱ्हाड करावे काय?

पेन्शनीत निघालेल्या माणसाला पूर्वी लोक प्रकृती विचारीत असत, आता विचारतात, "मग, राहणार कुठे?" कचेरी सुटली म्हणजे घरही सुटलेच, असे सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. आमच्या वडिलांच्या पिढीला हा प्रश्न पडत नसे. गावी घर असे, आणि नसले तर पुणे असे. पुण्यात टेकडी होती, बाग होती, व्याख्यानमाला होती, आणि तिघांनी मिळून चौथ्याची निंदा करावी इतके पेन्शनर एकेका बाकावर होते. आता पुण्यातल्या जागांचे भाव ऐकून घेरी येते, आणि गावच्या घरात आपला वाटा कोणत्या खांबापासून कोणत्या खांबापर्यंत, हे सांगू शकणारे शेवटचे चुलते वारले त्यालाही बरीच वर्षे झाली.

आम्ही दोघे मालाडला राहतो. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगा बंगळूरला, मुलगी नाशिकला. माझे गुडघे आणि जिन्याच्या पायऱ्या यांचे अलीकडे पटत नाही. अशा वेळी माणसाच्या मनात पालघर येते. निदान माझ्या आले. त्याचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा उघड मांडतो, कारण या विषयावर लोक हवापाण्याबद्दल फार मोठ्याने बोलतात आणि पैशाबद्दल फार हळू.

मी खाजगी कंपनीत होतो, तेव्हा 'पेन्शनीत निघालो' हे बोलण्यापुरतेच. दरमहा जे येते त्यात विजेचे बिल आणि औषधे भागतात. मालाडची जागा विकली तर तेवढ्या पैशात पालघरला तशा तीन जागा येतील, असे दलाल म्हणतो. दलालाच्या बोलण्यातून एक जागा वजा करावी. तरी दोन उरतात. एकीत आपण राहावे, दुसरीचे पैसे पोस्टात ठेवावे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ पासून माणशी ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि २०२५ सालचा व्याजाचा दर ८.२ टक्के. ३० लाखांवर दर तिमाहीस ६१,५०० रुपये; महिन्याचे साडेवीस हजार झाले. साडेवीस हजार म्हणजे, वाचकहो, मुलाचा फोन आला की तो पैशांविषयी विचारील की काय, या धास्तीवाचून बोलता येणे. मुलगा चांगला आहे. म्हणूनच ती धास्ती.

पालघर चर्चगेटपासून सुमारे नव्वद किलोमीटर. पूर्वी विरारला उतरून पुढच्या गाडीची वाट पाहावी लागे. २०१३ साली लोकल डहाणूपर्यंत गेली आणि पालघर मुंबईच्या नकाशात आले, निदान घरे विकणाऱ्यांच्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला, आणि बोईसरच्या वाटेवर कोळगावला सिडकोने बांधलेल्या जिल्ह्याच्या कचेऱ्या २०२१ मध्ये सुरू झाल्या. वैतरणेची खाडी, तिवरांचे रान, सफाळे, केळवे रोड असे करीत आपण जातो, आणि वैतरणेच्या पुलावर गाडी आली की डब्यातल्या मुंबईकराचा आवाजही एक पट्टी खाली येतो. मात्र एक ध्यानात ठेवावे. विरारच्या अलीकडे चार रूळ, पलीकडे दोन. डहाणूच्या लोकल, गुजरातच्या आणि दिल्लीच्या मेल या सगळ्यांना तेवढ्यातच वाट काढायची. चौपदरीकरणाचे काम पुरे होईपर्यंत एक लोकल चुकली तर फलाटावर आख्खे वर्तमानपत्र, वधूवरांच्या जाहिरातींसकट, वाचून होते.

गाव म्हणून पालघर मला आवडले. १४ ऑगस्ट १९४२ रोजी इथे मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. त्यांच्या नावाचा हुतात्मा चौक गावाच्या ऐन मध्यावर आहे आणि गाव त्या तारखेला अजून तिथे जमते. बँक, पोस्ट, औषधाचे दुकान, पिठाची गिरणी, सगळे चालत जाण्याजोगे. हिने गावाची परीक्षा बाजारात घेतली. सातपाटीचे पापलेट तीन कोळणींकडे उलटेपालटे करून पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "मालाडपेक्षा स्वस्त नाही हो." समुद्राकाठी मासळी स्वस्त असते, ही गावाबाहेरच्यांची समजूत आहे, चांगला माल गावात थांबतो कुठे? पण वाडा कोलम तांदूळ तिने मान्य केला, केळवे-माहीमच्या वाड्यांतली पानेही मान्य केली, आणि वारली बायका टोपलीत करटोली घेऊन बसल्या होत्या त्यांच्यापाशी तर ती इतका वेळ रमली की मी एकटाच परत जाऊन फलाटाची घंटा ऐकून आलो.

आमचे एक भाचेजावई तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहेत. त्यांचे म्हणणे, "मामा, पालघर कशाला, बोईसरच घ्या. दुकाने जास्त, जागा आणखी स्वस्त." बोईसर हे कामाचे गाव आहे. साऱ्या हिंदुस्थानातून माणसे तिथे पोटासाठी येतात. सकाळ-संध्याकाळ पाळी सुटली की रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. तरण्या माणसाला ते शोभते. शिवाय हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात देशातल्या औद्योगिक क्षेत्रांमध्ये तारापूर सर्वांत वर होते, ९३.६९ गुणांनी. आयुष्यात आम्हाला कुठल्या परीक्षेत एवढे गुण मिळाले नाहीत; पण अशा पहिल्या नंबराच्या शेजारी म्हातारपणी श्वास घेण्याची हौस नाही. रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले ते २०१८ मध्ये आणि २०२० मध्ये. त्यात माणसे गेली. भाचेजावई तिथे रोज आठ तास असतात आणि त्याबद्दल कधी तक्रार करीत नाहीत, म्हणून हे सारे मी त्यांच्यापाशी बोललो नाही.

लोक विचारतात ते अणुवीज केंद्राबद्दल. ते १९६९ पासून तिथे आहे, आणि मला त्याचे फारसे भय वाटत नाही. त्याच्या पुढच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांच्या लोकांना घरे सोडावी लागली, हे मात्र मनात राहते. राहावे कुठे याचा खल करावयास आम्हाला दोन वर्षे मिळाली. त्यांना कोणी विचारलेच नाही. आता ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे, बुलेट ट्रेनचे एक स्टेशन बोईसरला व्हावयाचे आहे. "काका, भाव दुप्पट होतील!" असे दलाल आनंदाने सांगतो. ही म्हणाली, "आम्हाला तिथे नफा काढायचा नाही, दिवस काढायचे आहेत."

आता ज्यासाठी लिहावयास बसलो ती गोष्ट. पालघर माझ्या डोक्यात भरविले ते आमच्या कचेरीतल्या एका स्नेह्यांनी. आठ वर्षांपूर्वी त्यांनी माहीमच्या रस्त्याला तळमजल्यावर जागा घेतली. दर रविवारी त्यांचा फोन येई, वाऱ्याची दिशा, ताडगोळ्यांचा भाव आणि "तुम्ही अजून मालाडलाच का?" हे तीन विषय. दोन हिवाळ्यांपूर्वी रात्री दीड वाजता त्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली, जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि मोठ्या इस्पितळात न्या म्हणून सांगितले. मोठे इस्पितळ म्हणजे विरार-वसई, नाहीतर मुंबई. उत्तरेकडची मंडळी तर वलसाड-सिल्वासा गाठतात. मनोरवरून हमरस्त्याला लागायचे आणि पुढे ट्रकांच्या रांगा. खानिवड्याच्या टोलनाक्यापाशी ते गेले.

वहिनी आता मुलाकडे कांदिवलीला जातील, असे आम्ही सर्वांनीच धरले होते. त्या गेल्या नाहीत. यंदा भाद्रपदात आम्ही दोघे त्यांच्याकडे दोन दिवस राहून आलो. मी घर पाहत होतो. ही वहिनींना पाहत होती.

"हे असताना मी बँकेची पायरी चढले नव्हते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आता महिन्यातून दोनदा जाते. पुस्तक भरून घेते. खिडकीतला मुलगा विचारतो, आजी, औषध बदललं का?" घराची एक किल्ली शेजारी टांगलेली. सकाळी सातपर्यंत यांच्या दारातली दुधाची पिशवी उचलली गेली नाही, तर समोरच्या बाईने दार वाजवायचे, असे ठरलेले. वरच्या मजल्यावरची एक मुलगी गणिताला यांच्याकडे येते. वहिनींना गणित कितपत येते याची मला शंका आहे, पण मुलगी येते खरी. ऐन पावसात दोन दिवस वीज नव्हती. पंप बंद, म्हणून मागच्या विहिरीचे पाणी सगळ्यांनी मिळून ओढले, आणि पाच घरांचा स्वयंपाक एका घरात झाला. हे सांगताना त्या हसत होत्या. रेल्वे बंद, मुलाला येता येईना, फोन लागेना, हे सांगताना मात्र हसत नव्हत्या.

ही सरळ विचारणारी बाई आहे. चहा गाळला जात असताना तिने विचारले, "वहिनी, तुम्ही मुंबईत असतात तर?"

"डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता." वहिनींनी तिन्ही कप भरले, साखरेचा डबा जागेवर ठेवला, झाकण घट्ट बसवले. मग पुन्हा म्हणाल्या, "नसताच पडला."

परतीच्या गाडीत केळवे रोड येईपर्यंत ही काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपल्यापैकी आधी कोण, ते काही आपल्या हातात नाही. तुम्ही आधी गेलात तर मला पालघर चालेल. मी आधी गेले तर तुम्हाला चालेल का, त्याचा विचार करा."

तो विचार मी गेले दोन महिने करतो आहे. जागांचे भाव, व्याजाचे दर, हवा, पाणी, हे सगळे माझ्या वहीत आहे. वहिनींच्या दारातल्या दुधाच्या पिशवीला मात्र त्या वहीत रकाना नाही. मला चहा करता येतो, वरणभात येतो, लोकांच्या हिशेबातल्या चुका काढता येतात. शेजार करता येत नाही. मालाडच्या बिऱ्हाडात तीस वर्षे आमचा शेजार हिनेच केला. जिन्यात भेटणारे सगळे मला नमस्कार करतात तो हिचा नवरा म्हणून. पण तिथे निदान वाचनालयातला गृहस्थ मला नावाने ओळखतो, आणि इस्पितळ रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. उलट, तिसऱ्या मजल्यावर दार लावून घेतलेल्या एकट्या म्हाताऱ्याची पिशवी मालाडमध्ये किती वाजता कोणाच्या ध्यानात येईल, हेही मी मनाशी मोजून पाहिले आहे.

तूर्त ठरले ते असे. जागा विकायची नाही, घ्यायचीही नाही. स्टेशनपासून चालत जाण्याजोगी तळमजल्याची एक जागा भाड्याने पाहिली आहे; मालाडची तेवढे दिवस भाड्याने जाईल, आणि दोन भाड्यांतल्या फरकात आमचा किराणा निघेल. इस्पितळाचा प्रश्न सुटलेला नाही. ॲम्ब्युलन्सचा नंबर आणि रात्री येणाऱ्या दोन रिक्षावाल्यांचे नंबर हिने वहिनींकडून उतरवून आणले आहेत, इतकेच. हिची आणखी एक अट आहे. बाजार, दूधवाला, शेजारीपाजारी हे सर्व तिथे मी पाहावयाचे. ती घरात बसून माझी वर्तमानपत्रे वाचणार.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो. दलालाने पौषात सुरू करा म्हटले, तेव्हा हिने बोटांवर महिने मोजले आणि कार्तिकातली तारीख घालून घेतली. पौषातून मोजले तरी सारा पावसाळा अकरा महिन्यांत बसत होता, हे मी तिला दाखवून दिले. "बसेल," ती म्हणाली, "पण पाऊस लागायच्या आत तुमच्या चार ओळखी तरी व्हायला नकोत का?"