चारचौघं कोण?

"घर झालं डॉक्टर, पण आनंद दोनच दिवस टिकला." समोर बसलेल्या शिक्षिकेचं हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.) भाड्याच्या खोल्यांत अठरा वर्षं काढून त्यांनी छोटा फ्लॅट घेतला होता. वास्तुशांत झाली, पाहुणे जेवून गेले. तिसऱ्या दिवशी शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एका वर्गमैत्रिणीच्या बंगल्याचे फोटो आले आणि यांना आपल्या स्वयंपाकघराचा ओटा आखूड वाटू लागला.

मानसोपचाराच्या कामात 'चारचौघांसारखं' हा शब्द मला रोज भेटतो. चारचौघांसारखं घर, चारचौघांसारखा संसार. आपलं समाधान आपण याच मापाने मोजतो. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली हेच मांडलं: माणूस स्वतःला जोखताना इतरांकडे पाहतो, आणि तेही बहुधा आपल्यासारख्यांकडे. सिनेनटाचा महाल पाहून सहसा कुणाची झोप उडत नाही. एका बाकावर बसलेल्या मैत्रिणीचा बंगला मात्र सलतो.

पूर्वी हे चारचौघं वाड्यातले, आळीतले असत. त्यांची नवी साडी दिसे तशी उसनवारीही दिसे. भिंतीपलीकडचं भांडण ऐकू येई. आता हिशेब करून पाहा. ग्रुपवर साठ जण. प्रत्येकाने वर्षातले सहाच चांगले दिवस टाकले तरी तीनशे साठ होतात. म्हणजे जवळजवळ रोज कुणाचा तरी सणाचा दिवस आपल्या साध्या मंगळवारासमोर येऊन उभा राहतो. खोटं कुणीच बोलत नाही, पण बेरीज खोटी होते. मला याची खरी काळजी वाटते, कारण दोष द्यायला समोर कुणी नसलं की माणूस तो स्वतःलाच देतो.

ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ८२ जणांना दोन आठवडे, दिवसातून पाच वेळा मेसेज करून विचारलं: आत्ता कसं वाटतंय? मधल्या वेळात फेसबुक जितकं जास्त पाहिलं, तितकं पुढच्या खेपेला मन उतरलेलं आढळलं. माणसांशी समोरासमोर किंवा फोनवर बोलल्याने तसं झालं नाही. अभ्यास लहान आहे, पण माझ्या दवाखान्यात मी हेच पाहतो.

म्हणून मी कुणाला फोन बंद करायला सांगत नाही. ज्या आईचा मुलगा परदेशात आहे, तिला व्हिडिओ कॉलचाच आधार असतो. मी फक्त एक वही देतो. फोन हातातून ठेवला की एका शब्दात लिहायचं, कसं वाटलं. बाईंनी लिहिलं: 'जड', 'जड', 'रिकामं', 'बरं'. 'बरं'पुढे बारीक अक्षरात होतं, बहिणीशी बोलले.

दुसऱ्या महिन्यात वहीची चार पानं कोरी होती. मी विचारलं, तर म्हणाल्या, "फराळाची गडबड होती. शेजारच्या काकू चकल्या पाडायला आल्या होत्या, त्याच ओट्यावर."